कृत्तिकांभोवतीची निळी धूळ फोटोत कशी आणायची

मार्गशीर्ष-पौषात रात्री नऊ-दहाच्या सुमारास शेतात उभं राहून मान पूर्ण मागं टाकली की जवळजवळ डोक्यावर एक छोटासा दाट पुंजका दिसतो, कोणाला पाच तारे दिसतात, कोणाला सहा, चांगली नजर असेल आणि अंधार असेल तर सात-आठसुद्धा. ह्याच कृत्तिका. आपल्याकडं गावाकडच्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांना त्या ओळखता येतात, आणि ज्यांना नाव माहीत नसतं त्यांनीही तो पुंजका लहानपणापासून बघितलेला असतो. पण त्याच कृत्तिकांचा नीट काढलेला फोटो दाखवला, ताऱ्यांभोवती निळी रेशमी आभा पसरलेली, तर पहिला प्रश्न हमखास येतो की हा निळा धूर खरा आहे का कम्प्युटरवर टाकलाय. खरा आहे. फक्त डोळ्याला दिसण्याइतका उजेड त्याच्यात नाही, आणि कॅमेऱ्यात तो येण्यासाठी काय लागतं हे समजलं की तुमच्या लक्षात येईल की महागड्या सामानापेक्षा जास्त महत्त्वाची जी गोष्ट लागते ती आपल्या मराठवाड्यात अजून शिल्लक आहे.

आधी ते काय आहे ते बघू. कृत्तिका म्हणजे एकाच वेळी, एकाच ढगातून जन्मलेल्या ताऱ्यांचा समूह, डोळ्यांना पाच-सहाच दिसत असले तरी त्यात हजाराहून जास्त तारे आहेत. वय साधारण १० कोटी वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबात एकदम तरुण, आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे. अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं. म्हणजे आज जो उजेड तुमच्या कॅमेऱ्यात जातोय तो निघाला तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. गॅलिलिओनं दुर्बिणीतून कृत्तिका बघून ३६ ताऱ्यांचं चित्र छापलं ते १६१० साली, आणि त्याच साली इकडं मलिक अंबरनं खडकी वसवली जिचं पुढं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला ते साल एकत्र लक्षात ठेवायला आवडतं.

आकाशात हा पुंजका दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. पसारा धरला तर साधारण २ अंश, म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र एका ओळीत ठेवले तर जेवढी जागा लागेल तेवढा. हे मुद्दाम सांगतोय कारण बऱ्याच जणांना वाटतं की असल्या फोटोला मोठी दुर्बीणच पाहिजे. उलट मोठ्या दुर्बिणीत कृत्तिका मावतच नाहीत, एखाददुसरा तारा आणि त्याच्याभोवतीचा तुकडा तेवढा येतो. कृत्तिकांना कॅमेऱ्याची साधी टेलिफोटो लेन्सच बरी.

आता तो निळा धूर. लई वर्षं असं समजलं जायचं की तारे ज्या ढगातून जन्मले त्याचाच हा उरलेला भाग असणार. तसं नाही. १० कोटी वर्षांत तो मूळ ढग कधीच पांगून गेलाय. आत्ता जी धूळ दिसते ती वेगळ्याच एका ढगाची आहे, आणि हे तारे आपल्या वाटेनं जाता जाता योगायोगानं त्या ढगातून चाललेत. धुळीच्या कच्च्या रस्त्यानं रात्री ट्रॅक्टर येताना बघा, हेडलाइटच्या झोतात जी धूळ येते तेवढीच चमकते, बाकीची तिथं असून दिसत नाही. तसंच आहे हे, धुळीला स्वतःचा उजेड नाही, ताऱ्यांचा उजेड तिच्यावर पडून आपल्याकडं येतो. म्हणून ह्या प्रकाराला रिफ्लेक्शन नेब्युला म्हणतात, मराठीत परावर्तन तेजोमेघ. हे १९१२ साली अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफरनं दाखवून दिलं, त्यानं कृत्तिकांमधल्या मेरोपी नावाच्या ताऱ्याजवळच्या धुरकट भागाचा वर्णपट घेतला आणि तो हुबेहूब शेजारच्या ताऱ्यांसारखाच निघाला, म्हणजे उजेड ताऱ्याचाच आहे, ढगाचा नाही. निळा का दिसतो त्याची दोन कारणं आहेत, एक तर हे मोठे तारे लई गरम आणि मुळातच निळसर आहेत, आणि दुसरं म्हणजे ती धूळ इतकी बारीक आहे की ती तांबड्यापेक्षा निळा उजेड जास्त विखुरते.

ह्या धुळीचा शोध लागण्यातसुद्धा फोटोचा मोठा वाटा आहे. १८५९च्या ऑक्टोबरमध्ये विल्हेल्म टेम्पेलनं व्हेनिसहून छोट्या दुर्बिणीतून मेरोपीजवळ धूसर डाग बघितला, पण पुढं बऱ्याच जणांना तो दिसेना आणि खरा आहे का नाही ह्यावर वाद सुरू झाले. मग १८८५च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या वेधशाळेत पॉल आणि प्रॉस्पर हेन्री ह्या भावांनी कृत्तिकांचा फोटो घेतला, तर त्यात माया नावाच्या ताऱ्याभोवती असा धूर आला जो तोपर्यंत कोणी डोळ्यानं बघितलाच नव्हता. फोटोमुळं सापडलेला हा पहिला तेजोमेघ. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या आयझॅक रॉबर्ट्सनं आणखी लांब एक्स्पोजर दिलं, म्हणजे कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला, आणि धूर सगळ्या पुंजक्यात पसरलाय हे दिसलं. म्हणजे कृत्तिकांची धूळ ही पहिल्यापासून कॅमेऱ्याची गोष्ट आहे, डोळा थोडा उजेड साठवून ठेवू शकत नाही आणि कॅमेरा ठेवू शकतो, एवढाच फरक.

इथून पुढं नीट वाचा, कारण नवीन माणसाचे पैसे इथंच वाया जातात. आकाशाचे फोटो काढायला लागलं की कोणीतरी सांगतं अमुक फिल्टर घे, शहरातूनसुद्धा तेजोमेघ येतो. ते खोटं नाही, पण ते मृगातल्या तेजोमेघासारख्या प्रकाराला लागू पडतं. मृगातला ढग वायूचा आहे, तो तापून स्वतः उजेड टाकतो आणि तो उजेड ठरावीक रंगांतच असतो, मुख्य म्हणजे हायड्रोजनचा तांबडा. म्हणून फिल्टर लावून फक्त तेवढे रंग आत घेतले आणि बाकी सगळं, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांचंही, अडवलं की ढग उठून दिसतो. कृत्तिकांच्या धुळीचा उजेड ताऱ्याचाच असल्यामुळं तो सगळ्या रंगांत पसरलेला आहे. तुम्ही तोच फिल्टर इथं लावला तर दिव्यांच्या उजेडाबरोबर धुळीचा उजेडही गेला, हातात काही राहत नाही. त्यात आता सगळीकडं पांढरे एलईडी लागलेत. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे बरे होते, त्यांचा उजेड मोजक्या रंगांत असायचा आणि तो गाळून काढता यायचा. पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो, आणि आपल्याला पाहिजे तोही निळाच. त्यामुळं कृत्तिकांसाठी फिल्टरवर खर्च करू नका, त्या पैशात पेट्रोल टाका आणि अंधारात जा.

ह्याचीच दुसरी चांगली बाजू अशी की कॅमेरासुद्धा खास लागत नाही. बरेच हौशी लोक कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर काढून घेतात कारण कंपनीचा फिल्टर हायड्रोजनचा तांबडा उजेड बराचसा अडवतो. आपल्याला तो तांबडा नकोच आहे. लग्नाचे फोटो काढायला वापरतात तो साधा डीएसएलआर किंवा मिररलेस, अगदी जुना सेकंड हँडसुद्धा, कृत्तिकांचा निळा व्यवस्थित पकडतो.

अंधाराची किंमत किती ते आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. ताऱ्यांचा तेजस्वीपणा मॅग्निट्यूडमध्ये मोजतात, एक मॅग्निट्यूडचा फरक म्हणजे साधारण अडीच पट उजेड. समजा शहराच्या कडेचं आकाश शेतातल्या आकाशापेक्षा दोन मॅग्निट्यूडनं उजळ आहे, आणि एवढा फरक सहज असतो, म्हणजे तिथलं आकाश सव्वासहा पट उजळ झालं. मग तितकाच स्वच्छ फोटो यायला तिथून जवळजवळ सहा पट वेळ एक्स्पोजर द्यावं लागतं. शेतात एक तासात जे मिळतं त्यासाठी शहरात सहा तासांच्या वर बसायचं. आकाश किती काळं आहे ते मोजायला जॉन बॉर्टल ह्यांनी २००१ साली एक ते नऊ अशी मापं सांगितली, एक म्हणजे सगळ्यात काळं आणि नऊ म्हणजे मोठ्या शहराचं मधोमध. तुमच्या गावाचा आकडा नकाशात बघता येतो, पण मी म्हणतो नकाशापेक्षा स्वतः जाऊन बघा, कारण नकाशाला गावात मागच्या महिन्यात लागलेला हायमास्ट माहीत नसतो.

आता आपल्या भागाचं बघू. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, जालना, संभाजीनगर, ह्या आठही जिल्ह्यांत शहर सोडून वीस-तीस किलोमीटर आत गेलं की काम होण्यासारखा अंधार मिळतो. बालाघाटच्या डोंगराची वरची पठारं, पाटोदा-आष्टीकडचा माळ, किनवटकडचा जंगलाचा भाग, कन्नडच्या गौताळ्याच्या बाहेरची गावं, ह्या सगळीकडं. अभयारण्याच्या आत रात्री परवानगीशिवाय जाऊ नका, आणि गरजही नसते. हिवाळ्यात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम त्याच वेळी चालू असतो, कारखान्याचा उजेड आणि चिमणीची वाफ लांबपर्यंत आकाश पांढरं करते आणि उसाचे ट्रॅक्टर रात्रभर ये-जा करतात. त्या रस्त्यापासून आणि त्या दिशेपासून लांब जागा बघा. ज्या रानात रात्रीची थ्री फेज लाइट असते तिथं हरभऱ्याला, ज्वारीला पाणी द्यायला माणसं दारं धरत असतात, त्यांच्या बॅटऱ्या फिरत असतात, ते त्यांचं काम आहे, आपणच लाइटचं वेळापत्रक विचारून जायचं.

आपल्याला अक्षांशाचा मोठा फायदा आहे. कृत्तिका आकाशाच्या विषुववृत्तापासून २४ अंश उत्तरेला आहेत आणि आपण १८ ते २० अंशांवर, म्हणजे मध्यावर आल्या की डोक्यापासून जेमतेम पाच अंश उत्तरेला. तिथून येणाऱ्या उजेडाला सगळ्यात कमी हवा ओलांडावी लागते. क्षितिजापासून ३० अंशांवर असताना त्याच्या दुप्पट हवा मध्ये असते, आणि हवा आधी निळाच उजेड खाते. शिवाय गावांच्या दिव्यांचा उजेड आणि हिवाळ्यातली धूळ-धूर हे सगळं क्षितिजाजवळ साठलेलं असतं, डोक्यावरचं आकाश सगळ्यात काळं. आपल्याकडून कृत्तिका ४५ अंशांच्या वर सहा तासांहून जास्त राहतात, तेवढ्यातच काम उरका, उगवल्या उगवल्या घाई करू नका.

कधी जायचं ते असं. नोव्हेंबरच्या विशीत कृत्तिका मध्यरात्रीच्या सुमारास डोक्यावर येतात, डिसेंबरच्या विशीत रात्री दहाच्या आसपास, जानेवारीच्या विशीत आठच्या आसपास, मार्चमध्ये अंधार पडेपर्यंत त्या पश्चिमेला कलायला लागलेल्या असतात. कार्तिकी पौर्णिमेला चंद्रच कृत्तिकांच्या आसपास असतो, तेव्हा फोटोचं नावच काढू नका. अमावस्येच्या आधी-नंतरचे चार-पाच दिवस धरा. आणि माझं मत विचाराल तर लातूर-धाराशिवकडच्यांना सगळ्यात उत्तम रात्र येळवसची, म्हणजे वेळा अमावस्येची. मार्गशीर्षातली अमावस्या, चंद्र नाही, हवा कोरडी, कृत्तिका वेळेवर डोक्यावर, आणि सगळं घर तसंही दिवसभर रानातच असतं. भज्जी आणि आंबील झाल्यावर बाकीचे घरी जातील, तुम्ही कोपीजवळ थांबायचं. हुरड्याच्या दिवसांतही रानात मुक्काम होतो, तेव्हा फक्त आगटीपासून लांब आणि धूर ज्या बाजूला जातोय त्याच्या उलट बाजूला बसा.

आता सामान. नुसता मोबाइल ट्रायपॉडवर लावून नाइट मोडमध्ये काढला तर कृत्तिकांचे तारे येतात, धुळीची अपेक्षा करू नका. कॅमेरा आणि १३५ ते २०० मिलिमीटरची लेन्स, ही ह्या कामाची जोडी. छोट्या सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणारी आतली चकती लहान असलेल्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरला साधारण पावणेसात बाय साडेचार अंश एवढं आकाश मावतं, कृत्तिका मध्ये नीट बसतात आणि भोवती मोकळी जागा राहते, जी पुढं कामाला येते.

अडचण अशी की पृथ्वी फिरते. कृत्तिकांच्या जागेवर आकाश सेकंदाला साधारण पावणेचौदा आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं, आणि २०० मिलिमीटरच्या लेन्सवर नेहमीच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल चार-एक आर्कसेकंदांचा असतो, म्हणजे एका सेकंदात तारा तीन-साडेतीन पिक्सेल पुढं गेला. तारा लांबट न होता किती सेकंदांचा फोटो घेता येईल त्यासाठी लोक पाचशेचा नियम सांगतात, पाचशेला फोकल लेंथनं, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं, तो २०० मिलिमीटरला अडीच सेकंद देतो आणि छोट्या सेन्सरला आणखी दीडनं भागायचं. माझ्या मते तो नियम आजच्या कॅमेऱ्यांना ढिलाच आहे, जे उत्तर येईल त्याच्याही निम्मं धरा. तरी नुसत्या ट्रायपॉडवर काम होतं, फक्त चिकाटी लागते, १३५ मिलिमीटरवर सेकंद-दीड सेकंदाचे हजारभर फोटो काढायचे आणि दर दहा मिनिटांनी पुंजका परत मधोमध आणायचा. मेरोपीजवळची धूळ त्यात पुसट का होईना येते. पहिल्यांदा असंच करून बघा, आवडलं तर मग पुढचा खर्च.

पुढचा खर्च म्हणजे स्टार ट्रॅकर. ही छोटी मोटर असते, ट्रायपॉड आणि कॅमेरा ह्यांच्या मध्ये बसते आणि आकाशाच्या वेगानं कॅमेरा फिरवते. त्याचा आस ध्रुवाकडं लागला पाहिजे, आणि इथं आपला अक्षांश जरा त्रास देतो. ध्रुवतारा क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाएवढाच वर असतो, म्हणजे आपल्याकडं १८ ते २० अंश, हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरल्या तर जेवढं होतं तेवढं. उत्तरेला लिंबाचं झाड, घर, डोंगराची कड काहीही आलं की ध्रुव गायब. म्हणून दिवसाउजेडीच जागा बघताना उत्तर मोकळी आहे का ते आधी बघायचं, डोक्यावरचं आकाश तर कुठंही मिळतं. बरं ध्रुवताराही नेमका ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे, त्यामुळं मोबाइलवरचं ॲप आत्ता तो ध्रुवाच्या कोणत्या बाजूला आहे ते दाखवतं आणि ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीत त्याला तिथं बसवायचं. ह्याला पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्या, इथं दिलेला वेळ रात्रभर फळतो. आणखी एक, कॅमेरा जवळजवळ सरळ वर बघत असल्यामुळं मागची स्क्रीन दिसत नाही आणि लेन्स ट्रायपॉडच्या पायाला किंवा ट्रॅकरला घासू शकते, त्यामुळं कृत्तिका मध्यावरून पलीकडं जाताना एकदा उठून बघत जा.

काळ्या मातीत ट्रायपॉड ठेवू नका. पाणी दिलेलं रान असेल तर पाय हळूहळू खचतो, तुम्हाला कळत नाही आणि सगळे तारे लांबट येतात. धुऱ्यावर, खळ्याच्या टणक जागेवर नाहीतर तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवून उभा करा.

फोकस ही दुसरी जागा जिथं रात्र वाया जाते. ऑटोफोकस बंद, लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन बंद, लाइव्ह व्ह्यूवर रोहिणीसारखा ठळक तारा आणून दहा पट मोठा करायचा आणि तो लहानात लहान टिंब होईपर्यंत रिंग अगदी केसभर फिरवायची. बाख्तिनोव्ह मास्क म्हणून एक जाळी मिळते, लेन्सपुढं धरली की ताऱ्याच्या तीन रेघा होतात आणि मधली रेघ बरोबर मध्ये आली की फोकस झाला, रशियातल्या पावेल बाख्तिनोव्ह ह्या हौशी माणसानं ही काढली. जाड कागदावर कापूनही बनवता येते. फोकस झाला की रिंगला टेप लावा, आणि रात्री थंडी वाढली की परत तपासा कारण थंडीनं लेन्स आकसते आणि फोकस सरकतो. परभणीची डिसेंबरची पहाट ज्यांनी अनुभवलीय त्यांना हे सांगायला नको.

सेटिंग म्हणाल तर लेन्स एफ २.८ असेल तर एफ ४ करा, म्हणजे लेन्सचं तोंड थोडं बारीक करा, कोपऱ्यातले तारे सुधारतात. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा, ८०० किंवा १६००, फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये. ट्रॅकर असेल तर एक-दोन मिनिटांचं एक्स्पोजर. किती द्यायचं ते आकडा पाठ करून ठरत नाही, कॅमेऱ्यावर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा, त्याचा उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटून साधारण पाव-एक तृतीयांशावर आला की बस, त्याच्यापुढं नुसतं आकाश उजळ होतं आणि तारे जळतात. तारे जळणं हा कृत्तिकांचा खास त्रास आहे, अल्सायनी हा सगळ्यात ठळक तारा आणि शेजारची पुसट धूळ ह्यांच्यात उजेडाचा फरक प्रचंड आहे. म्हणून शेवटी पाच-दहा सेकंदांचे वीसेक फोटो वेगळे घेऊन ठेवा, ताऱ्यांचा निळा रंग त्यातून परत मिळवता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एकच लांब फोटो का नाही आणि शेकडो छोटे का. प्रत्येक फोटोत धुळीचा उजेड असतो आणि त्यावर दाणेदार गोंगाट असतो, त्याला नॉइज म्हणतात. धूळ प्रत्येक फोटोत त्याच जागी असते, दाणे मात्र दर वेळी वेगळ्या जागी पडतात. सगळे फोटो ताऱ्यावर तारा जुळवून एकावर एक ठेवून सरासरी काढली की धूळ टिकते आणि दाणे एकमेकांना मारतात. किती मारतात त्याचा नियम वर्गमुळाचा आहे, ४ फोटोंनी दुप्पट स्वच्छ, २५ नी पाच पट, १०० नी दहा पट. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात फोटो झपाट्यानं सुधारतो आणि नंतर सुधारणा हळू होत जाते, १०० चे २०० केले तरी फरक सव्वा ते दीड पटीच्या मध्येच. ह्याला स्टॅकिंग म्हणतात. मध्येच विमान गेलं, उपग्रहाची रेघ आली तरी सॉफ्टवेअर ती ओळखून टाकून देतं, कारण ती एकाच फोटोत असते. लांब एकच फोटो असता तर गेलाच होता. दर काही फोटोंनंतर कॅमेरा अगदी किंचित हलवत जा, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग दर वेळी वेगळ्या जागी पडतील. अंधाऱ्या आकाशाखाली दोन-तीन तास जमले की कृत्तिकांचा फोटो दाखवण्यासारखा होतो.

ह्याशिवाय दोन प्रकारचे फोटो वेगळे लागतात. लेन्सला टोपी लावून तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच थंडीत वीस-तीस, त्यात सेन्सरचे स्वतःचे ठरलेल्या जागेवरचे डाग येतात आणि ते वजा करता येतात. आणि लेन्सवर पांढरा बनियनचा कपडा ताणून पहाटेच्या सारख्या उजेडाकडं धरून वीस-तीस, फोकसला हात न लावता, ह्याला फ्लॅट म्हणतात. लेन्स कडेला कमी उजेड देते आणि सेन्सरवर धुळीचे कण असतात, हे दोन्ही त्यानं निघतं. फ्लॅट टाळू नका. कृत्तिकांची पुसट धूळ आणि लेन्सचा कडेचा काळेपणा हे दोन्ही कम्प्युटरवर उजेड ओढताना सारखेच वर येतात आणि मग कोणतं खरं ते कळत नाही.

दव हा आपल्याकडचा छुपा शत्रू. जायकवाडीच्या काठाला, कॅनॉलच्या कडेला, पाणी दिलेल्या रानात रात्री अकरानंतर लेन्सवर बाष्प बसतं, आणि त्याची गंमत अशी की बाष्प बसलेल्या लेन्सनं काढलेल्या फोटोतही प्रत्येक ताऱ्याभोवती मऊ धूर दिसतो. माणूस खूश होतो की धूळ आली. हे तपासायचं एक जुनं साधन आहे, दुर्बिणीनं बघणारे लोक ते वापरत आलेत. कृत्तिकांच्या शेजारीच रोहिणीजवळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा ताऱ्यांचा दुसरा पुंजका आहे, हायडीज, त्याच्याभोवती अशी धूळ नाही. त्याच सेटिंगवर तिकडं एक फोटो काढा. तिथंही ताऱ्यांभोवती धूर आला तर तो बाष्पाचा किंवा हवेतल्या धुक्याचा. स्वस्त लेन्स ठळक ताऱ्यांभोवती निळं-जांभळं वलयही देते, तेही फसवतं, पण ते वलय गोल आणि सगळ्या बाजूंनी सारखं असतं. खरी धूळ एका बाजूला जास्त पसरलेली असते आणि मेरोपीजवळ तर तिच्यात सरळ बारीक रेघोट्या दिसतात, रेघोट्या दिसल्या की समजा खरी आहे. दवावर उपाय म्हणजे लेन्सभोवती गुंडाळायचा यूएसबीवर चालणारा गरम पट्टा, पॉवर बँकेवर रात्रभर चालतो.

एक गोष्ट फोटोबाहेरची. रात्री रानात अनोळखी माणसं, तांबडे दिवे, आकाशाकडं रोखलेलं यंत्र असं दिसलं की गावात शंका येणारच, आणि चोरांच्या अफवा चालू असल्या तर प्रकरण वाढायला वेळ लागत नाही. शेतमालकाला विचारून जा, पोलीस पाटलांना सांगून ठेवा, आणि कोणी बॅटरी घेऊन आलं तर आधी त्यांनाच कृत्तिका दाखवा. बिबट्या-रानडुकराचा भाग असेल तर एकट्यानं अजिबात जाऊ नका, उसाच्या फडाला लागून बसू नका.

घरी आल्यावर स्टॅकिंगला डीप स्काय स्टॅकर आणि सिरिल ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. पहिल्यांदा निघालेला फोटो जवळजवळ काळाच दिसतो, घाबरू नका, धूळ त्या काळ्यात दबलेली असते आणि ती हळूहळू वर ओढायची असते, त्याला स्ट्रेच म्हणतात. आधी आकाशाचा असमान उजेड काढा, मग रंग जुळवा, मग स्ट्रेच. मोह दोन होतात. एक म्हणजे आकाश एकदम काळंकुट्ट करायचा, त्यात पुसट धूळ कापली जाते, कारण ती आकाशापेक्षा जराशीच उजळ आहे, मागचं आकाश थोडं राखाडी राहू द्या. दुसरा म्हणजे निळा वाढवत नेण्याचा. ताऱ्यांजवळची धूळ निळीच आहे, पण लांबवर, जिथं कृत्तिकांचा उजेड कमी पोचतो तिथं ती करडी-तपकिरी होत जाते, आणि आख्खा फोटो निळा केला की ती बाहेरची धूळ ओळखूच येत नाही.

मला स्वतःला तीच बाहेरची करडी धूळ जास्त आवडते. ताऱ्यांजवळचा निळा भाग तासाभरात येतो आणि सगळ्यांच्याच फोटोत असतो, पण फ्रेमच्या कडेपर्यंत पसरलेला तो ढग यायला पाच-सहा तास चांगल्या अंधारातले लागतात आणि मग कळतं की तारे खरंच एका ढगातून चाललेत, चार ताऱ्यांभोवतीचा तो धूर नाही. एवढे तास एका रात्रीत जमवायची गरज नाही. तीच लेन्स, तोच कॅमेरा, साधारण तशीच चौकट ठेवली तर येळवसचे दोन तास, पौष अमावस्येचे दोन तास, आणि पुढच्या वर्षीचेही, सगळे एकत्र स्टॅक होतात, फक्त प्रत्येक रात्रीचे फ्लॅट त्या त्या रात्रीच्या फोटोंबरोबर वेगळ्या फोल्डरमध्ये तारीख टाकून ठेवा आणि रॉ फाइल्स जागा पुरत नाही म्हणून डिलीट करू नका.